फील्डबुकाच्या समासातल्या चार ओळी

वाचकाचं पत्र

ताई,

मी ५८ वर्षांचा आहे. जमिनीची मोजणी आणि नकाशे हा माझा आयुष्यभराचा पेशा. २७ वर्षांचा असताना कामानिमित्त एका ओसाड भागात मुक्काम होता. एका रात्री जाग आली तेव्हा खोलीत पांढरा उजेड होता आणि पलंगाच्या पायथ्याशी तीन बारीक, उंच आकृत्या उभ्या होत्या. मी पूर्ण जागा होतो. हात उचलता येईना, ओरडता येईना. त्यांच्यातल्या एकाने माझ्या छातीवर काहीतरी टेकवलं. त्यानंतर आठवते ती थेट सकाळ.

तेव्हा मी हे कुणालाच सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून दिवा लावूनच झोपतो. दोन वर्षांनी लग्न झालं तेव्हा बायकोला सांगितलं की ती लहानपणापासूनची सवय आहे. घटनेनंतर दहा वर्षांनी एका संमोहन करणाऱ्याकडे गेलो. चार बैठकांत पुढचं सगळं बाहेर आलं: यान, आतली खोली, त्यांनी मला दिलेला संदेश. गेल्या दोन वर्षांत मी हे सारं लिहून काढलं. २१० पानं झाली.

धाकटा भाऊ म्हणाला, "मुलांचा तरी विचार कर." त्या रात्री शेजारच्या खोलीत झोपलेल्या मित्राने सकाळी मला विचारलं होतं, "रात्री उजेड कसला होता रे?" तो आता म्हणतो, "मला असलं काही आठवत नाही, माझं नाव काढून टाक." एक प्रकाशक म्हणाले, "कादंबरी म्हणून द्या, लगेच छापतो." बायकोने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "हे तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत?" त्यानंतर तीन आठवडे ती या विषयावर एक शब्द बोललेली नाही. म्हणजे तिचाही विश्वास बसलेला नाही.

माझ्याकडे लेखी असं एकच आहे. त्या दिवशी सकाळी फील्डबुकाच्या, म्हणजे मोजणीच्या नोंदवहीच्या, समासात मी चार ओळी लिहिल्या होत्या: "रात्री जाग. हलता आलं नाही. / खिडकीत पांढरा उजेड. / तिघं उभे. / पहाटे ५.४० ला उठलो, कामाला." फारच रुक्ष आहेत, म्हणून पुस्तकात घेतल्या नाहीत.

मी खोटं बोलत नाही. लोकांना कसं पटवू? की कादंबरी म्हणूनच देऊन टाकू?

— एक सर्वेक्षक

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा नजर त्या रुक्ष म्हणून बाजूला ठेवलेल्या ओळींवर जाऊन थांबली. त्यांच्याकडे येते, पण आधी तुमचा प्रश्न.

लोकांना कसं पटवू, असं तुम्ही विचारता. काय पटवायचं आहे? तुमच्या मनात दोन वाक्यं एकमेकांत मिसळून गेली आहेत. एक वाक्य असं, की हा माणूस खोटं बोलत नाही. दुसरं असं, की त्या रात्री त्या खोलीत परग्रहवासी आले होते. पहिलं वाक्य मला तुमचं पत्र वाचून पटलं, पुरतं पटलं. दुसरं पटलेलं नाही, आणि ते तुमच्यापासून लपवून मी पुढे काही लिहिलं तर त्याला अर्थ राहणार नाही. मला वाटतं, तुमच्या माणसांनी नाकारलं ते दुसरं वाक्य, आणि तुम्हाला ऐकू आलं ते असं, की त्यांनी पहिलंच नाकारलं. दोन वर्षं खपून लिहिलेली पानं समोर ठेवल्यावर आपल्याच माणसांनी आपल्याला खोटं ठरवलं, असं वाटणं किती जिव्हारी लागतं याची मला कल्पना आहे. पण तुम्ही खोटं बोलताय, असं तुमच्या पत्रातल्या एकानेही म्हटलेलं नाही. पुन्हा एकदा वाचून पाहा.

आता मला दुसरं वाक्य का पटत नाही ते सांगते. झोपेचा एक टप्पा असतो, ज्यात आपण सर्वांत ठसठशीत स्वप्नं पाहतो. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवतो. स्वप्नात धावताना खरंच पलंगावरून उडी मारू नये, अशी ती सोय आहे. कधी कधी भान आधी येतं आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, खोली तीच, भिंत तीच, आणि शरीर दगडासारखं. स्वप्नाचा तुकडा मात्र अजून संपलेला नसतो, तो त्या खऱ्या खोलीत उतरतो. खोलीत कुणीतरी असल्याची खात्री वाटणं, पायथ्याशी उभ्या आकृत्या, छातीवर दाब, ओरडायला जावं आणि आवाज न फुटणं, हे सगळं त्यात येतं. वैद्यकात याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. १०० पैकी साधारण ८ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. परकी जागा, कामाचा थकवा, वेळी-अवेळी झोप, पाठीवर झोपणं, यांनी त्याची शक्यता वाढते. त्या मुक्कामात यातलं काय काय होतं ते तुम्हालाच ठाऊक.

तुम्ही म्हणाल, पण मी पूर्ण जागा होतो. हो. ज्यांना ज्यांना हे होतं ते सगळे हेच सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात, कारण अर्धी जाग खरीच असते. म्हणूनच या अनुभवाला स्वप्न म्हटलेलं कुणालाच पटत नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे लोक सांगत आले की रात्री एक म्हातारी छातीवर येऊन बसते. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, जणू अदृश्य बंधनांनी माणसाला जखडून टाकलंय. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, उडत्या तबकड्यांच्या बातम्या घरोघरी पोचल्यावर, त्याच पायथ्याशी बारीक शरीरांचे आणि मोठ्या डोळ्यांचे परग्रहवासी उभे राहू लागले. आपल्याकडे जे चित्र तयार असतं ते घेऊनच मन त्या अंधारातल्या आकाराला चेहरा देतं.

तुमच्या भीतीला मी क्षुल्लक म्हणत नाही. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, परग्रहवासीयांनी आपल्याला पळवून नेलं होतं असं मानणाऱ्या लोकांना त्यांचीच हकिगत ध्वनिमुद्रित करून ऐकवली आणि त्या वेळचे हृदयाचे ठोके, घाम, स्नायूंचा ताण मोजला. २००४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. युद्धासारख्या आघातातून गेलेल्यांची शरीरं आठवणीने जशी हादरतात, तशीच या लोकांची हादरली. याचा अर्थ परग्रहवासी खरे, असा मॅकनॅलींनी काढला नाही. पण ही माणसं नाटक करत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झालं. तुम्ही ३१ वर्षं दिवा लावून झोपता. त्याहून वेगळा पुरावा मला तुमच्या भीतीसाठी नको.

आणि न विश्वासणारे नेहमी बरोबरच असतात, असंही मी म्हणणार नाही. आकाशातून दगड पडतात असं शेतकरी सांगत, तेव्हा अठराव्या शतकातले बरेच विद्वान ते गावगप्पांत जमा करत. १७९४ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी यांनी हे दगड अवकाशातून येतात असं लिहिलं, तर त्यांचीही टिंगल झाली. मग २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावाच्या परिसरात दिवसाढवळ्या सुमारे ३००० दगड पडले. सरकारने झां-बातीस्त बिओ या तरुण शास्त्रज्ञाला तिकडे धाडलं. तो गावोगाव हिंडला, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या माणसांना वेगवेगळं विचारत गेला, आणि दगड कुठे कुठे पडले त्याचा नकाशा काढला. तुमच्या पेशाच्या माणसाला हा भाग आवडेल: ते सगळे दगड एका लांबट अंडाकार पट्ट्यात पडले होते. त्या नकाशानंतर वाद जवळपास मिटला. तुमच्या हाती असा दगड नाही. ३१ वर्षांपूर्वीची एक रात्र आहे. तेवढ्यावर वाचकाने विश्वास ठेवायलाच हवा असा हट्ट धरलात, तर प्रत्येक पानावर त्याच्याशी भांडण होईल आणि त्या भांडणात तुमची रात्र हरवून जाईल.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला लागेल. संमोहनाची प्रकरणं पुस्तकातून काढा.

१९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या डोंगरातून बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं कॅनडातली सुट्टी संपवून मोटारीने घरी परतत होतं. त्यांना आकाशात एक प्रकाश मागे येताना दिसला. घरी पोचायला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ लागला होता. काही दिवसांनी बेटीला स्वप्नं पडू लागली, यानात नेल्याची, तपासणीची. तिने ती लिहून ठेवली आणि इतरांना सांगितली, तेव्हा बार्नीच्याही ती कानावर पडली. पुढे १९६४ साली बोस्टनमधले मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांवर संमोहनाचे उपचार केले आणि पळवून नेल्याची ती प्रसिद्ध हकिगत तिथे सविस्तर बाहेर आली. सायमन त्या दोघांना खोटारडे मानत नव्हते. तरीही त्यांचा निष्कर्ष असा होता, की यानाच्या आतली गोष्ट मुळात बेटीच्या स्वप्नांतून आलेली आहे. ज्याने त्यांना संमोहित केलं, ज्याच्यापुढे बार्नी भीतीने किंचाळला, तोच डॉक्टर असं म्हणाला, हे ध्यानात घ्या.

संमोहनात माणूस जास्त सांगतो, पण ते जास्त खरं असतंच असं नाही. वाढते ती खात्री. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा स्मृतीवरचा एक प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होता, अशी न घडलेली घटना त्यात घरच्यांच्या हवाल्याने मोठ्या माणसांना सांगितली गेली. सुमारे पाव जणांना ती पूर्ण किंवा अर्धवट "आठवली". तिथे तर संमोहनही नव्हतं. तुम्ही दहा वर्षांची भीती घेऊन एका खोलीत गेलात आणि समोरच्याने "पुढे काय झालं?" असं विचारलं. चार बैठका विचारलं. मनाने पुढचं दिलं. यात तुमचा काही अपराध नाही.

पण तुम्ही सर्वेक्षक आहात. फील्डबुकात चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि नवा आकडा शेजारी लिहायचा, म्हणजे पुढच्या माणसाला दोन्ही दिसतात. जागेवर मोजलेलं आणि मागाहून अंदाजाने भरलेलं, दोन्ही एकाच शाईत नकाशावर उतरवलेलं तुम्ही खपवून घेतलं असतंत का? पुस्तकात तुम्ही नेमकं तेच केलंय. वाचकाला ते सांगता येत नसेल कदाचित, पण जाणवतं. त्या रात्रीच्या पानांवर ज्याचा श्वास अडकतो, तोच वाचक संदेशापाशी आला की पुस्तक मिटतो. आणि मग त्याला ती पानंही खोटी वाटू लागतात. संमोहनाबद्दल लिहायचंच असेल तर एक प्रकरण असं लिहा: मी दहा वर्षांनी संमोहनासाठी गेलो, का गेलो, तिथे काय बोललो, आणि आज त्याबद्दल मला काय वाटतं. तेवढं वाचायला मला आवडेल.

मग उरतं काय, असं तुम्ही विचाराल. चार ओळी उरतात. त्या रुक्ष आहेत असं तुम्ही म्हणता. मला तर तुमच्या पत्रात इतकं अंगावर येणारं दुसरं काही दिसलं नाही. ३१ वर्षांपूर्वी, त्या रात्रीनंतर काही तासांच्या आत, थरथरत्या हाताने (हा माझा अंदाज, अक्षर तुमच्याकडे आहे, तुम्हीच पाहा) लिहिलेल्या. "तिघं उभे." कोण तिघं, कुठून आले, काही नाही. यान नाही, संदेश नाही, परग्रह हा शब्द नाही. आणि मग "कामाला". २७ वर्षांचा एक मुलगा रात्रभर मेल्याहून मेला झाला, सकाळी उठला आणि मोजणीला गेला, कुणाशी एक शब्द न बोलता. ते पान पुस्तकात जसंच्या तसं छापा, समासासकट, वरच्या मोजणीच्या आकड्यांसकट. पुस्तकाची सुरुवात तिथून करा.

मित्राचं नाव काढा, हे तर सरळच आहे. त्याने मागितलंय. पण उजेडाचा प्रसंग काढायची गरज नाही. त्या सकाळी शेजारच्या खोलीतल्या सोबत्याने मला उजेडाबद्दल विचारलं असं मला आठवतं. त्याला आज ते आठवत नाही. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि कुणाचं बरोबर ते ठरवू नका.

प्रकाशकांना नाही सांगा. कादंबरी ही कमी दर्जाची गोष्ट आहे म्हणून नव्हे. पण तुम्ही ती लिहिलेली नाही, आणि कादंबरी असं नाव दिलंत की आयुष्यभर गप्प राहिलेला माणूस पुन्हा एकदा लपतो. उलट, मुखपृष्ठावर "सत्यकथा" लिहिणंही तितकंच चूक, कारण जे तुम्हाला ठाऊक नाही त्याचीही हमी त्यात येते. १९८७ साली अमेरिकन लेखक व्हिटली स्ट्रीबर यांनी आपला असाच अनुभव सत्यकथा म्हणून प्रसिद्ध केला. ते आधीपासून भयकादंबऱ्या लिहीत. पुस्तक ललितेतर पुस्तकांच्या खपाच्या यादीत अव्वल गेलं, आणि तरीही खरं की रचलेलं हा वाद त्यांना कधी सोडून गेला नाही. मात्र आपल्यालाही असं काही झालंय असं सांगणाऱ्या वाचकांची पत्रं त्यांच्या घरी ढिगाने आली आणि त्यांची पत्नी अ‍ॅन ती वाचत बसल्या. तुमचा वाचक तो आहे: जो रात्री असाच जखडून पडला होता आणि ज्याने कुणाला सांगितलं नाही. त्याच्यासाठी "अनुभवकथन" हा शब्द पुरे. अनुभव तुमचा, कथन तुमचं. स्लीप पॅरालिसिसबद्दलही त्यात एक पान असू द्या, तुम्हाला पटो वा न पटो. अंधारात एकट्याने घाबरलेल्या कुणाला तरी ते पान उपयोगी पडेल. आणि तुम्हाला अजूनही अशी जाग येत असेल, तर झोपेच्या विकारांच्या डॉक्टरांना जरूर भेटा. त्यावर करता येण्यासारखं बरंच आहे.

भावाबद्दल फार लिहीत नाही. तो लोकांना घाबरतोय. संमोहनाची प्रकरणं गेली की त्याची निम्मी भीती जाईल.

आता बायको. तुम्ही लिहिता, तिचाही विश्वास बसलेला नाही, हे उघड आहे. मला ते मुळीच उघड दिसत नाही. तिने विचारलं, "हे तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत?" या प्रश्नात अविश्वास कुठे आहे? जिला गोष्ट खोटी वाटली ती असं विचारत नाही. तिने २१० पानं वाचली, एकही पान न गाळता. आणि त्यात कुठेतरी तिला दिवा सापडला. २९ वर्षं ती त्या उजेडात झोपली. मुलं तान्ही असताना, स्वतः आजारी असताना, उन्हाळ्यात, हिवाळ्यात. कारण तुम्ही सांगितलं होतंत की ती लहानपणची सवय आहे. तुम्ही मला लिहिलंत, मी खोटं बोलत नाही. त्या रात्रीबद्दल तुम्ही खोटं बोलत नाही, हे मी वर म्हटलंच आहे. पण तुमच्या पत्रात एक खोटं आहे, ते हे, आणि ते तिला सांगितलेलं आहे.

२७ व्या वर्षी तुम्ही का गप्प बसलात ते मी समजू शकते. लग्नाच्या वेळी का लपवलंत तेही. नवी नवरी, तिला काय वाटेल. पण त्यानंतर तुम्ही एका परक्या माणसासमोर चार बैठका हे सगळं बोललात, प्रकाशकांना सांगितलंत, मला लिहिलंत, आणि तिला मात्र २१० पानांचा गठ्ठा दिलात. तीन आठवडे ती परग्रहवासीयांचा विचार करत असेल असं मला वाटत नाही. शेजारी झोपलेला माणूस रोज रात्री कशाला घाबरत होता आणि आपल्याला ते कळलं कसं नाही, याचा करत असेल.

तेव्हा पुस्तकाला हात लावायच्या आधी हे करा. आज रात्री फील्डबुक काढा, हस्तलिखित नको. त्या चार ओळी तिला स्वतः वाचून दाखवा. सवयीचं जे सांगितलं होतं ते खोटं होतं, हे तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या. मग ती जे विचारेल त्याला उत्तर द्या, आणि ते पुस्तकातल्यासारखं लांबवू नका. ती रडली, रागावली तर तिला थांबवू नका, समजावू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही तिला विचारा. दिवा चालू असताना तिला झोप लागते का, हे २९ वर्षांत तुम्ही कधी विचारलंत का, ते पत्रावरून मला कळलं नाही.